परसांतील डांगरवाडी
टरबूज व खरबूज ह्यांच्या वेलांविषयीं एक पाठ

ज्या महिन्यांत आपल्या वर्धा जिल्ह्याची काळी जमीन भेगाळते, विहिरी तळाला जातात आणि बाजारांत हिरव्या भाजीची जुडी मिळेनाशी होते, त्याच महिन्यांत टरबूज आपल्या पोटांत पाणी सांठवून पिकतें. त्याच्या गराचे शंभर भाग केले तर त्यांतले सुमारें ब्याण्णव भाग केवळ पाणीच असतें. हें पाणी कोठून आलें, तें कोणीं आणलें आणि तें वायां न जातां फळांत कसें उतरावें, हा ह्या पाठाचा खरा विषय आहे. लागवडीची कृति आम्ही पायरीपायरीनें सांगणार आहों. परंतु वाचकांनीं हा मूळ प्रश्न शेवटपर्यंत डोळ्यांपुढें ठेवावा, अशी विनंति आहे.

१. वेलांची ओळख

ज्याला आपण टरबूज म्हणतों त्यालाच पुण्या-मुंबईकडे कलिंगड म्हणतात. त्याचें मूळ घर आफ्रिका खंड होय. मिसर देशांतील तूतनखामेन राजाची कबर १९२२ सालीं उघडण्यांत आली, तेव्हां तिच्यांत ठेवलेल्या वस्तूंमध्यें टरबुजाच्या बियाही सांपडल्या. त्या राजाला मरून तीन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ह्यावरून माणसाची व ह्या फळाची सोबत किती जुनी आहे हें दिसून येईल.

खरबूज हें टरबुजाचें सख्खें भावंड नव्हे. दोहोंचें कूळ एक, पण घर वेगळें. खरबुजाचे खरे जातभाई म्हणजे चिबूड व वाळूक. हा भेद केवळ पंडितांसाठीं नाहीं. बीं राखतांना व वेलाचा शेंडा खुडतांना तो फार उपयोगीं पडतो, हें पुढें दिसेल.

दोन्ही वेलांचा स्वभाव मात्र सारखा आहे. दोघांनाही भरपूर ऊन हवें, उबदार व मोकळी माती हवी, मुळाशीं ओल हवी आणि पानें कोरडीं हवींत. सांठलेलें पाणी, गारठा व सावली हीं त्यांना सोसत नाहींत. दिवसांतून सहा-सात तास ऊन जेथें पडत नाहीं, अशा जागीं कितीही खत घातलें तरी पानेंच वाढतील, गोड फळ मिळणार नाहीं.

२. नदीकाठच्या बागेपासून धडा

मध्य प्रदेशांतील मुलताईजवळ उगम पावून वर्धा नदी आपल्या जिल्ह्याच्या सीमेनें वाहते. पावसाळा सरला आणि पाणी ओसरलें म्हणजे तिच्या उघड्या पडलेल्या वाळूंत पिढ्यान्‌पिढ्या टरबूज, खरबूज व काकडी ह्यांच्या बागा होत आल्या आहेत. ह्या बागांनाच डांगरवाडी म्हणतात. नदीवर पोट असलेल्या भोई व ढिवर कुटुंबांनीं ही विद्या जतन केली. शाळेंत न शिकतां त्यांनीं जें ओळखलें, तें पुष्कळ शिकलेल्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

त्यांची रीत अशी. वाळूंत ओल लागेपर्यंत खड्डा किंवा चर खणावयाचा. त्यांत कुजलेलें शेणखत भरावयाचें. त्यांत बीं टोंचावयाचें. आणि कोंवळ्या रोपाला थंड वाऱ्यापासून आडोसा करावयाचा. पुढें मूळ आपण होऊन खालच्या ओलीचा शोध घेतें. दिवसा वाळू लवकर तापते, म्हणून बीं लवकर रुजतें. वाळूंत पाणी तुंबत नाहीं, म्हणून मुळें सडत नाहींत. शिवाय दरवर्षींच्या पुरानें जुनी माती वाहून जाते व नवी येते, त्यामुळें गेल्या वर्षींचा रोग पुढच्या वर्षीं राहत नाहीं. उष्णता, निचरा, खालची ओल आणि निरोगी माती हे ह्या विद्येचे चार खांब होत. आपल्या परसांत नदी आणतां येत नाहीं, परंतु हे चार खांब उभारतां येतात.

ह्या बागांचे दिवस आतां पूर्वीसारखे राहिले नाहींत, हेंही नमूद केलें पाहिजे. सिंभोरा येथें ऊर्ध्व वर्धा धरण झालें. वरून अवेळीं पाणी सुटलें तर काठची वाडी बुडते, आणि वाळूचा उपसा झाला म्हणजे ओल खोल जाते. जी विद्या नदीच्या पात्रांत संकटांत सांपडली आहे, ती घरोघरच्या परसांत थोडी तरी जिवंत राहावी, हाही ह्या पाठाचा एक हेतु आहे.

३. आधीं पाण्याचा हिशेब

पुष्कळ लोक आधीं बिया पेरतात आणि मग पाण्याची चिंता करतात. हा क्रम उलटा केला पाहिजे. पाण्यावरून वेल मोजावे. वेलांवरून पाणी मोजूं नये.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें टरबुजाच्या शंभर दिवसांच्या पिकास ४०० ते ६०० मिलिमीटर पाणी लागतें असें धरलें आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एका वेलास दोन चौरस मीटर जागा दिली, तर त्याला सबंध हंगामांत ८०० ते १२०० लिटर पाणी लागेल, म्हणजे दररोज सरासरी ८ ते १२ लिटर. रोप लहान असतां ह्याहून पुष्कळ कमी लागतें व फळ भरतांना अधिक लागतें. घागर १२ लिटरांची धरली तर ऐन दिवसांत प्रत्येक वेलाला रोज एक घागर, असा साधा हिशेब ध्यानांत ठेवावा.

आतां घरांतील पाण्याकडे पाहूं. पांच माणसांचें कुटुंब असून प्रत्येक जण १५ लिटरांची एक बादली पाणी अंगावर घेत असेल, तर ७५ लिटर पाणी न्हाणीवाटे बाहेर जातें. त्यांतील निम्में जरी चरानें परसांत नेलें तरी ३७ लिटर झालें, म्हणजे तीन वेलांची सोय झाली. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलें पाणी वेगळें धरलें तर चौथाही वेल पोसतां येईल. म्हणून पांच माणसांच्या घरास चार वेल पुरेत. दहा वेल लावून त्यांना अर्धपोटीं ठेवण्यापेक्षां चार वेल पोटभर पाजावेत. फळें अधिक मिळतील.

येथें आम्हांला घरांतील पुरुषमंडळींस एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. परसांतील बागेची हौस बहुधा पुरुषाची असते, आणि हापशावरून किंवा विहिरीवरून येणारी घागर मात्र बहुधा बाईच्या डोक्यावर असते. एप्रिल महिन्यांत दोन खेपा वाढल्या म्हणजे काय होतें, हें तिला विचारावें. ज्या घरीं वेलाला पाणी घालण्यासाठीं मुलीची शाळा बुडते, त्या घरचें टरबूज कितीही गोड निघालें तरी तें फार महाग पडलें असें समजावें. ह्याकरितां असा नियम करावा कीं वेलांना सांडपाणी द्यावें, आणि चांगलें पाणी लागेल तेवढें ज्याला बागेची हौस आहे त्यानें स्वतः भरावें.

सांडपाण्याविषयीं दोन सूचना. सोडा व साबण पुष्कळ असलेलें कपड्यांचें पाणी घालूं नये; त्यानें माती बिघडते. तसेंच संडासाचें किंवा गटाराचें पाणी फळांच्या बागेला कदापि देऊं नये. न्हाणीचें पाणी मातींत सोडावें. फळावर किंवा पानांवर शिंपडूं नये.

४. खड्डा, मडकें व पेरणी

आपली काळी माती ओल धरून ठेवते, हा तिचा गुण. परंतु ती पाणी लवकर सोडीत नाहीं व सुकली म्हणजे फाटून मुळें तोडते, हा तिचा दोष. ह्यावर उपाय असा. डिसेंबर महिन्यांत दीड फूट खोल व दोन फूट रुंद खड्डा करून तो ऊन खाऊं द्यावा. मग वरची माती, चाळलेला मुरूम व पूर्ण कुजलेलें खत समभाग मिसळून खड्डा भरावा आणि त्याचा माथा जमिनीपेक्षां वीतभर उंच ठेवावा. ताजें शेण घालूं नये; त्यानें वाळवी व हुमणी येते आणि मुळांना चटका बसतो. खत काळें, भुसभुशीत व दुर्गंध नसलेलें असावें. इंदूर येथें १९२४ पासून १९३१ पर्यंत काम करीत असतां आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं पालापाचोळा, शेण, गोमूत्र व माती ह्यांचे थर देऊन खत करण्याची जी रीत बसविली, ती इंदूर पद्धत ह्या नांवानें सर्वत्र पसरली. आपल्या घरचा उकिरडा त्या रीतीनें लावला तर विकत खताची गरज पडत नाहीं.

खड्ड्याच्या मध्यभागीं मातीचें न रंगविलेलें व साधें भाजलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरावें. सात-आठ लिटर पाणी मावेल असें मडकें बरें. त्यांत स्वच्छ पाणी भरून वर झाकणी ठेवावी. मडक्याच्या अंगांतून पाणी हळूहळू झिरपतें आणि मुळें त्याला वेढा घालून बसतात; उन्हानें उडून जाणारें पाणी त्यामुळें वांचतें. ही युक्ति नवी नव्हे. चीन देशांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं फान शंगची नांवाच्या शेतीतज्ज्ञानें आपल्या ग्रंथांत नेमक्या अशाच पुरलेल्या मडक्याभोवतीं खरबुजाच्या चार बिया लावण्याची रीत सांगितली आहे. आपल्या कुंभारवाड्यांतील मडकें त्या कामास तितकेंच योग्य आहे. मात्र मडक्यांत साबणाचें पाणी घालूं नये, कारण त्याचीं रंध्रें बुजतात. न्हाणीचें पाणी मडक्यापासून हातभर दूर गोल चर करून त्यांत सोडावें.

एका मडक्यास दोन वेल, आणि एका मडक्यापासून दुसरें सहा-सात फूट दूर, असा नेम ठेवावा. चार वेलांस दोन मडकीं लागतील.

पेरणीची वेळ फार महत्त्वाची आहे. मकरसंक्रांत झाल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ आपल्या भागांत उत्तम. त्यापूर्वीं माती गार असते. बीं रुजण्याऐवजीं कुजतें. फार उशीर केला तर पारा चाळिशीपार गेल्यावर फुलें येतात. तेव्हां पराग दुबळा होतो, फळ धरत नाहीं आणि धरलेंच तर तें जूनच्या पावसांत सांपडून बेचव होतें.

बिया एक रात्र कोमट पाण्यांत भिजवाव्या. मग ओल्या फडक्यांत गुंडाळून चुलीजवळच्या उबेंत ठेवाव्या. चोंच फुटली म्हणजे एक-एक बीं सुमारें दोन सेंटिमीटर खोल लावावें. बाहेर गारठा असेल तर पळसाच्या पानांच्या द्रोणांत खतमाती भरून त्यांत बीं लावावें, आणि दोन-तीन खरीं पानें आलीं म्हणजे द्रोणासकट खड्ड्यांत ठेवावें. द्रोण आपोआप कुजतो. ह्या वेलांचीं मुळें दुखावलेलीं त्यांना सोसत नाहींत, म्हणून रोप उपटून लावण्याची चूक करूं नये.

५. वाढ, फुलें व मधमाशा

वेल हातभर झाला म्हणजे त्याखालीं वाळलेलें गवत, तणस किंवा सोयाबीनचें कुटार तीन-चार बोटें जाड पसरावें. त्यानें ओल टिकते, तण दबतें आणि फळ मातीला लागत नाहीं. युरिया घालण्याचा मोह टाळावा. पानें गर्द हिरवीं दिसतील, शेजारी वाखाणतील, परंतु फळ मागें पडेल.

शेंडा खुडण्याविषयीं टरबूज व खरबूज ह्यांचा नियम वेगळा आहे. खरबुजाचीं फळ धरणारीं फुलें बहुधा बाजूच्या फांद्यांवर येतात; म्हणून मुख्य वेलाला चार-पांच पानें झालीं म्हणजे त्याचा शेंडा नखानें खुडावा. टरबुजाला मुख्य वेलावरही फळ धरतें. त्याचा शेंडा खुडण्याची गरज नाहीं.

पेरणीनंतर पांच-सहा आठवड्यांनीं पिवळीं फुलें दिसूं लागतात व एक-दोन दिवसांत गळून पडतात. तेव्हां पुष्कळ लोक वेल वांझ आहे असें म्हणून उपटून टाकतात किंवा कोणाची दृष्ट लागली असें मानतात. ह्यांत दृष्टीचा कांहीं संबंध नाहीं. पहिलीं येणारीं फुलें नर असतात. त्यांचें काम पराग देण्याचें, फळ देण्याचें नव्हे. आठवड्या-दहा दिवसांनीं मादी फुलें येतात. ज्या फुलाच्या देंठाशीं हरभऱ्याएवढें इवलेंसें फळ आधींच दिसतें, तें मादी फूल. खरबुजाच्या बहुतेक जातींत असें फूल उभयलिंगी असतें.

मादी फूल सकाळीं उमलतें व त्याच दिवशीं मिटतें. तेवढ्या थोड्या वेळांत मधमाशीनें नर फुलाचा पराग त्यावर पुष्कळ वेळां आणून सोडला पाहिजे. माशा कमी आल्या तर फळ वांकडें होतें किंवा लहानपणींच पिवळें पडून गळतें. वारा हें काम करीत नाहीं. पराग जड व चिकट असतो. वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ सालीं निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें मधमाशीपालन हा खेड्यांचा उद्योग म्हणून हातीं घेतला होता. माशी मध देते ही तिची लहान सेवा. फळ देते ही मोठी. परसांत तुळस, शेवगा, कढीलिंब असावा, आणि माशांना पिण्यासाठीं एका परळांत खडे घालून पाणी ठेवावें.

माशा येत नसतील तर सकाळीं सहा ते नऊच्या दरम्यान ताजें नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावा. हें काम मुलांना शिकवावें. त्यांना त्यांत आनंद वाटतो आणि सृष्टीचा एक नियम डोळ्यांनीं पाहतां येतो.

टरबुजाच्या एका वेलावर दोन, फार तर तीन फळें ठेवून बाकीचीं लहान असतांच काढावींत. तीं भाजीला चालतात. जागा थोडी असेल तर खरबुजाचा वेल मांडवावर चढवावा आणि फळाला जुन्या लुगड्याच्या पट्टीची झोळी बांधावी.

६. वेलाचे शत्रु

पहिला शत्रु तांबडा भुंगेरा. रोप दोन पानांचें असतांच तो पानांची चाळण करतो. सकाळीं गारव्यानें तो सुस्त असतो. तेव्हां वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावा. रोपावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घातला तर तो शिरकावच करीत नाहीं. मात्र फुलें येतांच ती जाळी काढावी, नाहींतर मधमाशाही बाहेर राहतील.

दुसरा शत्रु फळमाशी. ती कोंवळ्या फळाला टोंचून आंत अंडीं घालते आणि फळ आंतून किडतें. फळ लिंबाएवढें झालें कीं त्यावर कागदी किंवा कापडी पिशवी बांधावी. किडलेलें फळ उकिरड्यावर फेंकूं नये. त्यांतील अळी मातींत उतरून पुन्हां माशी होते. तें दोन फूट खोल पुरावें.

तिसरा शत्रु भुरी, म्हणजे पानांवरील पांढरी पिठासारखी बुरशी. वेल दाट होऊं देऊं नये, पाणी मुळाशीं व सकाळींच द्यावें, आणि रोगट पानें काढून टाकावीं. गंधकाची भुकटी ह्या वेलांवर उन्हाळ्यांत धुरळूं नये, पानें करपतात. मर रोगानें वेल एकाएकीं सुकला तर तो मुळासकट काढावा आणि त्या खड्ड्यांत तीन-चार वर्षें टरबूज, काकडी, भोपळा ह्यांपैकीं कांहीं लावूं नये.

औषध म्हणून निंबोळी अर्क पुरेसा आहे. वाळलेल्या निंबोळ्या कुटून, एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम ह्या प्रमाणांत रात्रभर भिजवून, सकाळीं गाळून घ्यावें व थोडा साबण मिसळून संध्याकाळीं माशा परतल्यावर फवारावें.

ह्यापुढची गोष्ट फार गंभीर आहे. कपाशीसाठीं आणलेलें विषारी औषध घरीं उरलेलें असतें, आणि तेंच परसांतील वेलावर मारण्याची बुद्धि होते. २०१७ सालीं आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. जें विष शेतांत उघड्यावर माणसाचा प्राण घेतें, तें लेंकरांच्या तोंडांत जाणाऱ्या फळावर घालूं नये. त्यानें मधमाशाही मरतात, आणि माशा मेल्या म्हणजे फळही गेलें. उरलेलें औषध घरांत, स्वयंपाकाजवळ किंवा मुलांच्या हातीं लागेल असें कदापि ठेवूं नये.

फेब्रुवारी-मार्चमध्यें गारपिटीचें भय असतें. २०१४ सालच्या त्या महिन्यांत महाराष्ट्रांत गारांनीं किती नासाडी केली हें पुष्कळांना आठवत असेल. चार वेलांवर एक तट्ट्या किंवा बारदान ओढणें सहज शक्य आहे. मोठ्या शेताला जें साधत नाहीं तें परसाला साधतें.

७. पिकल्याची खूण

फळ धरल्यापासून टरबुजाला पिकावयास पांच-सहा आठवडे लागतात. तीन खुणा एकत्र पाहाव्या. फळाच्या देंठाजवळचा कुरळा तणावा पूर्ण सुकलेला असावा. जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळा झालेला असावा. आणि बोटानें वाजविलें असतां टणटण न वाजतां जड, भरीव आवाज यावा. एकाच खुणेवर विसंबूं नये. तोडल्यावर टरबूज अधिक गोड होत नाहीं, म्हणून घाई करूं नये. खरबुजाची खूण सोपी आहे: देंठाच्या बुडाशीं बारीक चीर पडते, सुगंध सुटतो आणि हलक्या हातानें फळ वेलापासून सुटतें.

पिकण्यापूर्वींचे आठ दिवस पाणी कमी करावें. त्यानें गोडी वाढते. परंतु वेल कोरडा ठेवून मग एकदम पुष्कळ पाणी घातलें तर फळ तडकतें.

कापण्यापूर्वीं फळ बाहेरून स्वच्छ धुवावें, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आंत जाते. कापलेलें फळ त्याच दिवशीं संपवावें. मधुमेह असणाऱ्यांनीं बेतानें खावें. एखादें फळ कडू लागलें तर एक घांसही गिळूं नये. ह्या कुळांतील कडूपणा विषारी असतो. साली शेळ्यांना घालाव्या, आणि टरबुजाच्या बिया धुऊन वाळवून भाजल्या तर तो मुलांना पौष्टिक खाऊ होतो.

८. बीं राखणें

दुकानांतील संकरित बियांपासून झालेल्या फळाचें बीं पेरलें तर पुढच्या वर्षीं तेंच फळ मिळेल असा भरंवसा नसतो. ज्यांना घरचें बीं राखावयाचें आहे त्यांनीं टरबुजाची शुगर बेबी किंवा अर्का माणिक, खरबुजाची हरा मधु किंवा पंजाब सुनहरी अशी सरळ जात घ्यावी. खरबुजाजवळ चिबूड किंवा वाळूक फुलांत असेल तर मधमाशी त्यांची भेसळ करील. पण काकडीशीं किंवा टरबुजाशीं त्याची भेसळ होत नाहीं. सर्वांत चांगल्या वेलाचें, सर्वांत चांगलें, पूर्ण पिकलेलें फळ बियांसाठीं ठेवावें. आधीं उत्तम फळ खाऊन मग उरलेल्याचें बीं धरणारा मनुष्य दरवर्षीं आपली बाग थोडी थोडी हलकी करीत जातो. बिया धुऊन, सावलींत वाळवून, राख घालून बाटलींत ठेवाव्या व वर जातीचें नांव व वर्ष लिहावें.

९. शेवटचा विचार

पवित्र शास्त्राच्या वाचकांना गणनेच्या अकराव्या अध्यायांतील गोष्ट ठाऊक आहे. अरण्यांत चालतांना इस्राएल लोकांना मिसरांतील खरबुजांची आठवण झाली व ते रडले. उन्हांत तहानलेल्या माणसाला ह्या फळाची आठवण किती तीव्र होते, हें आपल्या जिल्ह्यांतल्या माणसाला वेगळें समजावून सांगावयास नको. परंतु त्या आठवणींत एक विसर होता. ज्या देशाचें फळ ते आठवीत होते, तेथें ते दास होते; फळाची चव ध्यानांत राहिली, पाठीवरचें ओझें विसरलें.

आपण मात्र दोन्ही ध्यानांत ठेवूं. एप्रिलच्या दुपारीं टरबुजाची फोड हातीं घेतांना ती कोणाच्या श्रमानें आली हें घरांतील लेंकरांना ठाऊक असावें. वायां जाणारें पाणी, उकिरड्याचें खत, कुंभाराचें मडकें, माशीची सकाळ आणि घरच्या प्रत्येकाचे थोडे थोडे हात, एवढ्या भांडवलावर चार वेल उभे राहतात. पहिलें फळ, जिनें पाण्याच्या सर्वांत अधिक खेपा केल्या असतील, तिच्या हातीं आधीं द्यावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. तुमच्या घरांतून रोज किती सांडपाणी बाहेर जातें? तें एक दिवस बादलीनें मोजून पाहा. त्यावर किती वेल पोसतील?
२. तुमच्या घरीं पाणी कोण भरतें, व दिवसांतून किती खेपा होतात?
३. नदीच्या वाळूंतील बागेचे चार खांब कोणते? तुमच्या परसांत त्यांपैकीं कोणता उणा आहे?
४. पहिलीं फुलें गळालीं म्हणून वेल उपटणाऱ्या शेजाऱ्याची तुम्ही कशी समजूत घालाल?
५. तुमच्या घरांत शेतीचें विषारी औषध कोठें ठेवलेलें आहे? तें मुलांच्या हातीं लागेल काय? आजच पाहून घ्या.
६. पुढच्या वर्षीं बीं राखण्यासाठीं कोणतें फळ ठेवावें व कां?